केबल बांधणारे यंत्र : मोटार नाही, मदार पकडीवर

खांबांवरून नेलेली केबल स्वतःच्या वजनाने लोंबते. म्हणून आधी खांबांदरम्यान पोलादी आधारतार ताणून केबल तिला बांधतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी हे काम शिडी लावून हातानेच होते. अमेरिकेत त्यासाठी 'केबल लॅशर' वापरतात.

आम्हा कापडवाल्यांना हे यंत्र लगेच उमजते. त्याला मोटार नसते. आधारतारेवर बसवून दोराने ओढले की चाके फिरतात, चाकांमुळे ढोल फिरतो आणि त्यातील गुंडाळीची स्टेनलेस तार केबल व आधारतार यांना एकत्र वेटाळत जाते. ०.०४५ इंच, म्हणजे सुमारे १.१४ मिलिमीटर जाडीची तार त्यात सर्रास वापरतात.

चाकांना ग्रीस लागले की ती घसरतात आणि वेढे विरळ पडतात. म्हणून तेल गिअर-बेअरिंगला द्यावे. चाके पुसून कोरडी ठेवावीत. मागावर धाग्याचा ताण बिघडला की कापड बिघडते, तसेच येथे तारेचे. काम सुरू करण्यापूर्वी ताण तपासावा, आत अडकलेले तारेचे तुकडे व माती काढावी.

खांबाशी तार क्लॅम्पमध्ये पक्की केल्यावाचून कापू नये. टोक सुटले तर बांधणी उसवत जाते आणि केबल रस्त्यावर लोंबते. तेच टोक विजेच्या तारेला टेकले तर कारागिराचा जीव जातो. हातमोजे, चष्मा आणि विजेच्या तारांपासून अंतर यांत काटकसर नको. ठेकेदारांनी नव्या पोराला आधी हे जमिनीवर शिकवावे, मगच खांबावर चढवावे.