जुनं क्रिकेट कार्ड फ्रेम करायचंय? चिकटवू नका!

आजचा प्रश्न आपल्या सोलापूरच्याच एका श्रोत्याचा आहे. घर आवरताना ऐंशीच्या दशकातली बिग फन बबलगमची क्रिकेट कार्डं सापडलीत. लॅमिनेट करून फ्रेम करू का, असं त्यांनी विचारलंय.

लॅमिनेशन अजिबात नको! आपल्याकडे मार्कशीटपासून सगळंच लॅमिनेट करायची सवय आहे, पण त्यात गरम होऊन वितळलेला गोंद कागदाला कायमचा धरतो. नंतर सोलायला गेलं की छपाईही निघून येते. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझी कसोटी एकच: हे उद्या 'अनडू' करता येईल का? नसेल, तर करायचं नाही. म्हणून फेविकॉल, सेलोटेप, डबल टेप, सगळं बाद.

मग करायचं काय? आधी हात धुऊन, नीट कोरडे करून कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये सरकवा. नव्या रेनकोटसारखा वास येणारं मऊ पीव्हीसी कव्हर घेऊ नका, ते कालांतराने चिकट होतं. डाग दिसला तरी ओल्या फडक्याने पुसू नका.

आता ॲसिड-फ्री माउंटबोर्डच्या तुकड्यावर चार फोटो कॉर्नर लावा. गोंद लागेल तो कॉर्नरला आणि बोर्डला. कार्ड स्लीव्हसकट नुसतं अडकवायचं. वरच्या बोर्डला खिडकी कापा, कार्डापेक्षा चारी बाजूंनी एक-दोन मिलिमीटर लहान. आजकालची बहुतेक कार्डं अडीच बाय साडेतीन इंचांची असतात, पण जुन्यांचा भरवसा नाही, पट्टीने मोजाच. असे खिडकीचे दोन बोर्ड एकावर एक ठेवलेत तर कार्ड आणि काचेत फट राहते. ती फट महत्त्वाची, कारण पावसाळ्यात काचेला दमट धरलं की चकचकीत छपाई तिला चिकटू शकते.

फ्रेमच्या पाठीला हार्डबोर्ड असेल तर त्याच्यातलं आम्ल कागद पिवळा करतं, म्हणून मध्ये माउंटबोर्ड हवाच. पाठ बंद करायला खिळे ठोकण्यापेक्षा फिरत्या पट्ट्यांची फ्रेम बरी.

आणि भिंत? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पश्चिमेची तापणारी भिंत, बाथरूमच्या पलीकडची ओलसर भिंत आणि खिडकीसमोरची जागा टाळा. यूव्ही रोखणारं ॲक्रिलिक मदत करतं, पण रंग साध्या उजेडानेही उडतो.

म्हणून एखादं कार्ड खरंच जिवापाड जपायचं असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा, चांगली रंगीत प्रिंट फ्रेममध्ये लावा आणि मूळ कार्ड स्लीव्हमध्ये घालून कपाटात, अंधारात ठेवा. पाहुण्यांना फरक कळणार नाही, आणि कपिलचा फोटो तुमच्या नातवंडांनाही तेवढाच रंगीत दिसेल.

तुमच्याकडे कुठली कार्डं आहेत, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!