जंतूंची शिदोरी : एका सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञाचे संशोधन आणि आपला गोठा

दुभत्या गाईची कास सुजून कठीण झाली, दुधात गाठी येऊ लागल्या, म्हणजे तिला दगडी झाली असे आपण म्हणतो. संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी या दूधधंद्यात पुढारलेल्या तालुक्यांतील शेतकरी बंधूंना हा रोग नवा नाही. मात्र पूर्वी ज्या औषधाने दोन-तीन दिवसांत कास मऊ पडत असे, तेच औषध आता सडात चार वेळा सोडले तरी गुण येत नाही, अशी तक्रार अलीकडे वारंवार कानी येते. औषध बनावट असावे, असा संशय प्रथम येतो, आणि क्वचित तो खराही ठरतो. परंतु पुष्कळदा औषध जसेच्या तसे असते आणि बदल झालेला असतो तो जंतूंत. हा बदल कसा घडतो आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे कसा जातो, याचा शोध पुण्याच्या एका शास्त्रज्ञाने अनेक वर्षे घेतला. त्याच्या कामाची हकीकत पशुपालकांनी समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडले. १९४३ मध्ये अमेरिकेत मातीतील एका सूक्ष्मजंतूपासून स्ट्रेप्टोमायसीन मिळाले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि ही औषधे देशातच तयार होऊ लागली. या औषधांना प्रतिजैविके म्हणतात. ती अपुऱ्या मात्रेने दिली तर जंतू त्यांना सरावतील, असा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता. त्याकडे जगाने पुरेसे लक्ष दिले नाही, हे आता स्पष्टच दिसते.

डॉ. बी. ए. चोपडे यांनी या विषयाचा पाया इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे घातला. त्यांनी अभ्यासासाठी निवडलेला जंतू म्हणजे अॅसिनेटोबॅक्टर. १९११ साली हॉलंडमधील बायरिंक या शास्त्रज्ञाने तो प्रथम मातीतून वेगळा केला. माती, पाणी, सांडपाणी, माणसाची कातडी अशा सर्व ठिकाणी तो आढळतो. निरोगी माणसाला त्याच्यापासून सहसा उपद्रव होत नाही. परंतु रुग्णालयात अत्यवस्थ असलेल्या रोग्याच्या फुप्फुसात किंवा जखमेत तो शिरला, तर त्याला हुसकावणे महाकठीण होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली, ज्यांच्यावर नवी औषधे तातडीने हवीत अशा जंतूंची यादी केली, तीत शेवटच्या फळीतील औषधांनाही दाद न देणारा हा जंतू अग्रक्रमाच्या गटात घातला गेला.

या जंतूच्या नावाचा मूळ ग्रीक अर्थ ‘न हलणारा’ असा आहे. तो स्वतः पोहत नाही, हे खरे. पण त्याच्याजवळचे सामान फार दूरवर जाते! हे सामान म्हणजे प्लास्मिड. जंतूच्या पेशीत मुख्य आनुवंशिक द्रव्याखेरीज एखादे लहान, बहुधा कड्याच्या आकाराचे, वेगळे द्रव्य असते. त्याला हे नाव आहे. औषधाचे तुकडे कसे करावे, आत शिरलेले औषध बाहेर कसे फेकावे, याची कृती अशा कड्यावर साठविलेली असू शकते. दोन जंतू एकमेकांस चिकटले असता एक जंतू या कड्याची प्रत दुसऱ्यास देतो, आणि विशेष हे की घेणारा जंतू वेगळ्या जातीचा असला तरी चालते. वाटेत भेटलेल्या परक्या वाटसरूला शिदोरीतली भाकरी द्यावी, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे देणाऱ्याची शिदोरी कमी होत नाही. अॅसिनेटोबॅक्टरमध्ये ही देवघेव कशी होते, याविषयीचा निबंध चोपडे यांनी वाइझ व टाउनर या सहकाऱ्यांसह १९८५ साली प्रसिद्ध केला.

पुढे पुणे विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात त्यांनी हेच काम विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन वाढविले. जंतूच्या अंगची शक्ती प्लास्मिडमुळेच आहे, हे सिद्ध करण्याची रीत मोठी मार्मिक आहे. जंतूला विशिष्ट रसायनाच्या सौम्य मात्रेत वाढविले, म्हणजे त्याच्या काही संततीतून प्लास्मिड गळून पडते. अशी संतती पुन्हा औषधाला बळी पडू लागली, म्हणजे पुराव्याचा एक भाग मिळाला. मग तेच प्लास्मिड दुसऱ्या, औषधाने मरणाऱ्या जंतूत जाऊ द्यावयाचे. तोही मरेनासा झाला, की शंकेला जागा उरत नाही.

या रीतीने देशपांडे व चोपडे यांनी १९९४ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांचा जंतू रुग्णालयातील नव्हता, बाहेरच्या परिसरातून मिळालेला होता. तरीही तो १३ धातूंना आणि १० प्रतिजैविकांना पुरून उरत होता. चांदी ही जंतुनाशक म्हणून प्रसिद्ध. पण या जंतूपुढे तिचेही काही चालेना. चांदीला तोंड देण्याची ही शक्ती एका प्लास्मिडवर होती आणि ते प्लास्मिड एश्चेरिशिया कोलाय या आतड्यातील जंतूत घालता आले. धातू पचविण्याची शक्ती आणि औषधे पचविण्याची शक्ती यांचा परस्परसंबंध ढाकेफळकर व चोपडे यांनीही त्याच वर्षी दाखविला. ज्या जंतूला कोणी कधी औषध टोचले नाही, त्याच्याकडेही औषधाचा तोड तयार असू शकतो, हा यातील विचार करावयास लावणारा भाग.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मनोरंजक निबंध २००२ सालचा आहे. गव्हाच्या मुळांभोवतीच्या मातीतून चोपडे व सहकाऱ्यांनी अॅसिनेटोबॅक्टरचे काही वाण वेगळे केले. ते पिकाच्या मुळांची वाढ करणारे एक द्रव्य तयार करीत होते. म्हणजे एका बाजूने हा जंतू पिकाचा मित्र! पण हे द्रव्य तयार करण्याची कृतीही प्लास्मिडवरच आढळली, आणि त्याच प्लास्मिडवर शिसे व सेलेनियम यांना तोंड देण्याची शक्तीही होती. जमिनीत उपकारक आणि अपकारक गुण एकाच गाठोड्यात बांधलेले असू शकतात. शेतातील जंतू निराळे आणि दवाखान्यातील निराळे, असा भेद आपण मनाने केलेला आहे. जंतूंना तो ठाऊक नाही.

२००७ साली या गटाने पश्चिम भारतातील आदिवासी समाजातील निरोगी माणसांच्या त्वचेवरील अॅसिनेटोबॅक्टर तपासले. पुढील वर्षी अतिदक्षता विभागातील जंतूंवरचा निबंध आला. २०१४ ते २०१९ या काळात चोपडे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील विद्यापीठाचे कुलगुरू होते.

उपायाच्या शोधाचा धागा आपल्या सह्याद्रीत येऊन पोहोचतो. डोंगरात पावसाळ्यात वेलीवर कडू करांदा धरतो, तो अकोल्याकडील वाचकांस ठाऊक असेल. त्याच्या कंदातील एक द्रव्य जंतूंतून प्लास्मिड काढून टाकू शकते, असे ढाकेफळकर व इतर संशोधकांनी २००८ साली दाखविले. चोपडे व सहकाऱ्यांनी २०१२ साली याच कंदाच्या अर्कापासून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनविले. प्रतिजैविकांच्या जोडीला ते दिले असता औषधांचा जोर वाढला. हे सर्व प्रयोगशाळेतील काम आहे. कच्चा कडू करांदा विषारी असतो. कोणीही तो घरगुती औषध म्हणून जनावरास किंवा माणसास देऊ नये.

आता गोठ्याकडे वळू. गाईला प्रतिजैविक दिले म्हणजे औषधाला बळी पडणारे जंतू मरतात आणि शिदोरीवाले उरतात. रिकाम्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. औषधाचा बराच भाग शेण व मूत्र यांवाटे बाहेर पडून उकिरड्यात आणि तेथून शेतात जातो. दुधातूनही तो जातो. उपचार चालू असलेल्या गाईच्या दुधाला विरजण नीट लागत नाही, हा अनुभव पुष्कळ गृहिणींना आहे. जे औषध विरजणाचे जंतू मारते ते पिणाऱ्या मुलाच्या पोटातही जाते, हे ध्यानात असू द्यावे. औषधाच्या वेष्टणावर जितके दिवस दूध वापरू नये असे लिहिले असेल, तितके दिवस ते संघाच्या डेअरीला घालू नये. त्यात नुकसान होते, आणि थोड्या जनावरांवर संसार असलेल्या घराला ते जड जाते, हे आम्ही जाणून आहो. तरीही यात तडजोडीला जागा नाही.

शासनानेही काही पावले उचलली आहेत. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या फळीतील औषध. ज्यांचे मांस, अंडी किंवा दूध आपण खातो अशा पशुपक्ष्यांत ते वापरण्यास २०१९ साली बंदी झाली. डाळिंबावरील तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीन यांचे मिश्रण फवारण्याची सवय आपल्या जिल्ह्यातही रुजली. यांपैकी स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोग्यांसाठीही वापरले गेलेले औषध आहे. शेतीतील हा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केला.

दगडीत कोणते औषध लागू पडेल, हे अंदाजाने ठरवू नये. दुधाचा नमुना तपासून ते ठरविता येते. काचपात्रात जंतू पसरून त्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती जंतूंची वाढ होत नाही, ते औषध उपयोगी. नमुना औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वीच घ्यावा. हात साबणाने धुवून सड स्वच्छ पुसावा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून कोरडे होऊ द्यावे आणि पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्या. नंतरची धार पशुवैद्यकीय दवाखान्यातून आणलेल्या निर्जंतुक बाटलीत, बाटली तिरपी धरून घ्यावी. बुचाच्या आतील बाजूस बोट लावू नये. बाटलीवर गाईचा बिल्ला क्रमांक व सड कोणता ते लिहून ती बर्फात ठेवावी व त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचती करावी.