गाडी खोलली, पण जोडायला वर्ष लागणार? शहापूर-मुरबाडच्या पावसात इंजिन आणि गिअरबॉक्स असा जपा

मार्च-एप्रिलमध्ये जुनी जीप नाहीतर पद्मिनी खोलायला घेतली जाते. मेपर्यंत इंजिन उतरतं, गिअरबॉक्स वेगळा होतो, मागची हौजिंग विटांवर येते. मग ब्लॉक कल्याण-भिवंडीच्या लेथवर अडकतो. चोरबाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालूनही एक गिअर मिळत नाही. तेवढ्यात जून उजाडतो, लावणी सुरू होते आणि हाताखालची पोरं शेतावर जातात.

आता उरलेले पार्ट चार महिने कुठे ठेवायचे? बहुतेक वेळा उत्तर असतं, पडवीत, पोत्याखाली. आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

मुंबई ज्या भातसा आणि तानसाचं पाणी पिते, ती धरणं शहापूर तालुक्यातली. शेजारचा मुरबाड थेट माळशेज घाटाला टेकलेला. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण पार्ट गंजायला पाऊस अंगावर पडावाच लागतो असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज वेगाने धरतो. इथे पावसाळ्यात हवा दिवसचे दिवस 80-90 टक्क्यांवर असते.

त्यात भर पडते घामाची. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब सुटतात, तसंच इंजिनच्या ब्लॉकला होतं. शंभरेक किलोचं बीड रात्रभर गार पडतं आणि सकाळी उबदार दमट हवा लागली की ओलं होतं. वर पत्र्याचं छप्पर असेल तर पत्र्यालाही आतून घाम येतो आणि तो खाली टपकतो. म्हणजे शेड गळत नसली तरी पार्ट भिजतात.

थोडा गंज आला तर काय बिघडलं, पॉलिश पेपर मारू, असं म्हणणारे भरपूर भेटतात. बॉडीच्या पत्र्याला ते चालून जातं. क्रँकशाफ्टला नाही. क्रँकवर गंजाचे खड्डे पडले की तो घासून घ्यावा लागतो. दर वेळी साधारण पाव मिलिमीटर व्यास कमी होतो आणि तेवढ्या जाड बेअरिंग टाकाव्या लागतात. असं दोन-तीन वेळाच करता येतं, पुढे क्रँक भंगारात. सिलिंडरच्या बोअरचंही तेच. गंज काढायला बोअर मोठा केला की ओव्हरसाइज पिस्टन शोधा. थोडक्यात, गाडी एक किलोमीटरही न चालता इंजिनचं एक आयुष्य खर्च होतं. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली आहेत, तेव्हा हा खर्च नुसता पैशांचा राहत नाही.

मग पार्ट ठेवायचे कसे?

आधी धुवा आणि पूर्ण वाळवा. डिझेलने धुऊन तसंच ठेवणं ही सगळीकडची सवय, पण डिझेलचा थर पातळ असतो आणि फार काळ टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे गाडीतून काढलेलं काळं ऑइल फासणं. फुकट मिळतं म्हणून ते वापरतात, मात्र त्यात जळणातून आलेलं आम्ल आणि पाणी असतं. नवं घट्ट ऑइल किंवा ग्रीसच लावा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य बंदुका आणि सुटे भाग कॉस्मोलीन नावाच्या मेणचट ग्रीसमध्ये माखून समुद्रापार पाठवायचं. तत्त्व तेच आहे, हवा आणि लोखंड यांची गाठ पडू द्यायची नाही. घासलेल्या भागाला उघडा हातही लावू नका, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजाने उमटतात.

गोणपाट आणि चिंध्या ओल धरून ठेवतात, त्या गुंडाळू नका. प्लास्टिकची पिशवी चालते, पण पार्ट कोरडा असेल तरच. ओला पार्ट पिशवीत बांधला तर पाणी आत कोंडतं. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या गरम करून पुन्हा वापरता येतात. सिमेंटची जमीन खालून ओल ओढते, म्हणून सगळं फळ्यांवर ठेवा.

गिअरबॉक्स जोडलेलाच राहू द्या. त्यात ऑइल भरा, सगळी भोकं बंद करा आणि महिन्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवा, म्हणजे वरच्या गिअरनाही ऑइल लागेल. भोकं बंद करायचं आणखी एक कारण म्हणजे कुंभारमाशी. उघड्या पाइपात ती मातीचं घर करते आणि ती माती पुढे बेअरिंगमध्ये जाते. क्लच प्लेट मात्र कोरडी ठेवायची, तिला ऑइल लागलं की ती स्लिप होते. दमट हवेत ती फ्लायव्हीलला चिकटूनही बसते, तेव्हा काढून वेगळी ठेवलेली बरी.

गावाकडची एक खास चूक म्हणजे पार्ट आणि खताच्या गोण्या एकाच खोलीत. युरिया हवेतली ओल ओढतो, पोटॅशमधलं क्लोराइड गंजाला जोर देतं. बॅटरीही त्या खोलीत नको.

जोड्या फोडू नका हेही तितकंच महत्त्वाचं. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांशी जुळवलेले असतात. कनेक्टिंग रॉडची टोपी त्याच रॉडला आणि टॅपेट कॅमशाफ्टच्या त्याच जागी परत गेली पाहिजे. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंना खूण करा. वर्षभरानंतर कुठला वायसर कुठला हे मेकॅनिकलाही आठवत नाही, त्यामुळे पिशवीत चिठ्ठी घाला आणि मोबाइलवर फोटो काढा.

कागदाचा मुद्दाही आहे. आरसीवर इंजिन नंबर असतो. ब्लॉक गंजून वाया गेला आणि दुसरं इंजिन बसवलं, तर आरटीओकडे नोंद करावी लागते. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा ही अट आहे. जुन्या जीपवाल्यांनी ब्लॉक म्हणूनच सगळ्यात आधी जपावा.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की जोडणी सुरू करा. इंजिन जोडलेलंच ठेवलं असेल तर थेट सेल्फ मारू नका. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी पाना लावून क्रँक हाताने फिरवून बघा. अडकला तर जोर न लावता हेड उघडा.