निसर्गाचे विश्वस्त (भाग ५) : कारणं कागदावर हवीत

भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटलं की कोलाडला राफ्टिंग सुरू होतं. कुंडलिका नदीत येणारं हे पाणी घाटावरच्या मुळशी धरणाचं. त्या धरणात जमिनी बुडणार होत्या, त्या शेतकऱ्यांना कुणी विचारलंच नाही. म्हणून १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. निर्णय कुणी, कशाच्या आधारावर घेतला, हे झळ बसणाऱ्याला कळायलाच हवं. निसर्गरक्षण करणाऱ्या जागतिक संस्थांनाही यातून सूट नाही.

आययूसीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, १९४८ मध्ये फ्रान्समधल्या फॉन्तेनब्लो इथे स्थापन झाला. सरकारं आणि स्वयंसेवी संस्था असे दोन्ही त्याचे सभासद आहेत. साधारण चार वर्षांनी महाअधिवेशन भरतं आणि दोन्ही बाजूंची मतं वेगवेगळी मोजली जातात. ठराव दोन्हीकडे बहुमताने मंजूर व्हावा लागतो. एकट्या सरकारांना तो रेटून नेता येत नाही. मला ही रचना मोलाची वाटते.

पण या संघाचा सल्लाही डावलला जाऊ शकतो, ही मर्यादा आपल्याच सह्याद्रीत दिसली. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला दिला आणि पर्यावरण मंत्रालयाने तो दाबून ठेवला. केरळातल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी तो देण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं. मग मे महिन्यात अहवाल लोकांसमोर आला.

त्याच सुमारास पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत घेण्याचा प्रस्ताव युनेस्कोपुढे होता. आययूसीएन त्यात तज्ज्ञ सल्लागार. गाडगीळ समितीच्या शिफारशी विचारात घेऊन प्रस्ताव पुन्हा तपासा, तोवर निर्णय लांबणीवर टाका, असा सल्ला त्यांनी लेखी दिला. वारसा समितीने तो मानला नाही. १ जुलै २०१२ ला कास, कोयना, चांदोली, राधानगरी यांच्यासह ३९ ठिकाणं यादीत आली.

मान मिळाला याचा मलाही आनंद आहे. तरीही माझ्या लेखी आययूसीएनचं वागणं इथे जास्त जबाबदारीचं ठरतं. सल्ला डावलला गेला, पण कारणांसकट तो आजही वाचता येतो. आमच्या मंत्रालयाकडून साधा अहवाल बाहेर यायला मात्र त्याला कोर्टात हरावं लागलं.

आययूसीएनला आपला माहिती अधिकार कायदा लागू नाही. भारत सरकार मात्र त्याचं सभासद आहे, आणि मंत्रालयाच्या दप्तरी असलेला त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार त्या कायद्याखाली मागता येतो. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, आणि कलम ६ नुसार कोलाडच्या माणसाला अर्ज मराठीतही करता येतो.