जुन्या पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग : पंप कोणता?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी काही घरांत आजही जपून ठेवलेली आहे. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात. विद्यार्थ्यांनो, नुसता पंप लावून भागत नाही; स्टिअरिंग बॉक्सही तेलाच्या दाबावर चालणारा लागतो. पंप त्या बॉक्सला लागणारा दाब आणि प्रवाह पाहूनच घ्यावा. प्रवाह अपुरा असेल तर इंजिन मंद चालताना, म्हणजे नेमके गाडी लावताना, स्टिअरिंग जड राहते. जास्त असेल तर वेगात नको तितके हलके होते. बेल्टवरचा पंप १०८९ सीसीच्या लहानशा इंजिनाची ताकद खातो. मला विजेचा बरा वाटतो, पण अल्टरनेटर दमदार हवा. बेल्टवाल्याची मदत इंजिनाबरोबरच थांबते; उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्याच्या हाती अचानक जड स्टिअरिंग येते.