नंजम्मेच्या पत्रावळी

आमच्या अक्कलकोटकडे घरात कन्नड आणि शाळेत मराठी असा प्रकार. त्यामुळे कन्नड कानात होतं, पण अक्षरओळख नव्हती. कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा मी आधी मराठीतच वाचले, उमा कुलकर्णींच्या अनुवादांतून. 'वंशवृक्ष', मग 'पर्व', मग 'तंतू'. चाळिशी उलटल्यावर कन्नड बाराखडी गिरवायला बसले ती एका पुस्तकासाठी. 'गृहभंग' मला मूळ भाषेत अव्वाला, म्हणजे आईला, वाचून दाखवायचं होतं. अव्वा शाळेची पायरी चढलेली नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी तिने मला थांबवलं. "हे आपलं कन्नड नव्हे, म्हैसूरकडचं आहे." बरोबर होतं तिचं. हासन जिल्ह्यातल्या चन्नरायपट्टण तालुक्याची ती बोली, आमच्या कानाला परकीच. पण दोन-चार दिवसांत ती बोलीचं विसरली, कारण तोवर नंजम्मा आमच्या घरात राहायला आली होती.

नंजम्माचा नवरा चेन्निगराय गावचा शानभोग. शानभोग म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णी, गावच्या जमिनीचा हिशोब लिहिणारा. या शानभोगाला खाणं आणि झोपणं एवढंच जमतं. हिशोब लिहिते ती नंजम्मा. सासू तोंडाची फटकळ, दीर तसाच. घरची जमीन कर्जापायी हातची जाते. मग ही बाई पळसाची पानं आणून पत्रावळी लावते आणि त्यांवर पोरं जगवते. अव्वाने स्वतः लग्नसराईत पत्रावळी लावून घर चालवलेलं. तिने मला विचारलं, "शेकड्याला काय सुटत असेल गं तिला?" साहित्यावरची पुष्कळ चर्चा मी ऐकली आहे, पण कादंबरीतल्या बाईची मजुरी विचारणारी वाचक मला दुसरी भेटली नाही.

मग गावात प्लेग येतो. नंजम्माची मोठी मुलगी जाते, मुलगा जातो. अव्वाने पुस्तक मिटायला लावलं. आठवडाभर ते देवळीत पडून होतं. पुढे तिनेच काढून माझ्या हातात दिलं. शेवटी नंजम्माही प्लेगनेच जाते आणि उरलेला धाकटा विश्व भिक्षेवर जगणाऱ्या महादेवय्यांबरोबर गाव सोडतो. अव्वा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या पोराचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "अव्वा, त्यानेच हे लिहिलं."

कादंबरी म्हणजे आत्मचरित्र नव्हे, हे मला कळतं. तरी ते उत्तर मी मागे घेणार नाही. भैरप्पांचा जन्म १९३१ सालचा, संतेशिवर या खेड्यातला. त्यांची आई आणि भावंडं प्लेगनेच गेली. 'गृहभंग' १९७० साली आली तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. आईला इतकं उघड्या डोळ्यांनी, एकदाही गळा न काढता लिहिणं मला आजही थक्क करतं.

पोरक्या मुलाचं शिक्षण कसं झालं, तेही कादंबरीसारखंच आहे. वार लावून जेवण, मिळेल ते काम. शाळेत असतानाच घर सोडून ते मुंबईत आले, रेल्वे स्टेशनवर हमाली केली, काही महिने साधूंच्या मेळ्यात फिरले आणि पुन्हा म्हैसूरला येऊन शिकू लागले. विषय घेतला तत्त्वज्ञान. लहानपणी घरात एवढे मृत्यू पाहिलेल्या मुलाला मृत्यू म्हणजे काय हा प्रश्न सोडत नव्हता. बडोद्याच्या विद्यापीठात सत्य आणि सौंदर्य या विषयावर त्यांनी पीएच.डी. केली. हुबळी, गुजरात, दिल्ली आणि शेवटी म्हैसूर अशी नोकरी करून १९९१ साली ते निवृत्त झाले.

महाभारतावरची 'पर्व' १९७९ सालची. त्यात शाप नाहीत, वर नाहीत, चमत्कार नाहीत. म्हाताऱ्या झालेल्या योद्ध्यांचे दुखरे सांधे आहेत, युद्धाला लागणाऱ्या धान्याची काळजी आहे. अनेक भावांची एकच बायको ही रीत समजून घ्यायला भैरप्पा हिमालयातल्या खेड्यांत जाऊन राहिले होते. मला त्यातल्या कुंतीत आणि द्रौपदीत नंजम्माच दिसते. दोघींना घर सांभाळायचं आहे, आणि घरातले पुरुष ते मोडताहेत. 'दाटु'ला १९७५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, संगीतावरच्या 'मंद्र'ला सरस्वती सन्मान.

नंतरचं सगळंच मला भावलं असं नाही. २००७ सालच्या 'आवरण'ने कर्नाटकात मोठा वाद पेटवला, पुस्तक हातोहात खपलं. तिथे मला माणसांपेक्षा वादाचाच आवाज मोठा वाटतो. नंजम्मा काही सिद्ध करायला आलेली नव्हती. ती फक्त जगत होती, म्हणून ती टिकली.

मराठीत भैरप्पा घरोघर पोचले ते उमाताईंमुळे. कन्नड पुस्तक त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी वाचून दाखवत, त्या ऐकत आणि मराठीत लिहीत. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ही हकीकत कळली तेव्हा मला आमची संध्याकाळ आठवली. एक वाचतंय, एक ऐकतंय.

२४ सप्टेंबर २०२५ रोजी भैरप्पा बंगळुरूत गेले. अव्वा त्याच्या आधीच गेली होती. 'पर्व' वाचून थांबलेल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे, पुढचं पुस्तक 'गृहभंग' घ्या. आणि घरात कुणी वडीलधारं माणूस असेल, तर ते मोठ्याने वाचा.