लाकडाचा धूर व श्वसनमार्गाचे संरक्षण

लाकडाचे ज्वलन अपुरे झाल्यास निर्माण होणाऱ्या वायूंच्या व सूक्ष्म कणांच्या मिश्रणास लाकडाचा धूर म्हणतात. चूल, शेकोटी व वणवे ही त्याची मुख्य उगमस्थाने होत. धुराने डोळे चुरचुरतात व ठसका लागतो, हे सर्वपरिचित आहे. परंतु इन्फ्ल्यूएंझासारख्या श्वसनमार्गाच्या व्हायरसजन्य रोगांशीही त्याचा संबंध आहे. धूर स्वतः संसर्ग घडवीत नाही. व्हायरसांना थोपविणारी शरीराची यंत्रणा तो दुर्बल करतो.

घटक : लाकूड ओले असल्यास किंवा हवा कमी पडल्यास धूर अधिक होतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनाची ऑक्साइडे, फॉर्माल्डिहाइड व ॲक्रोलीन ही दाहजनक संयुगे आणि बहुवलयी हायड्रोकार्बने असतात. बहुसंख्य कणांचा व्यास १ मायक्रोमीटरपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) कमी असल्याने ते नाकात पूर्णपणे अडत नाहीत व फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

संरक्षणयंत्रणेवरील परिणाम : श्वासनलिकांच्या आतील अस्तरावर श्लेष्म्याचा (चिकट स्रावाचा) पातळ थर असतो. त्यात अडकलेले कण व जंतू पक्ष्माभिका (केसासारख्या सूक्ष्म वाढी) घशाकडे लोटतात. ॲक्रोलीनसारख्या संयुगांमुळे पक्ष्माभिकांची हालचाल मंदावते, श्लेष्मा वाढतो आणि अस्तरास इजा होते. त्यामुळे व्हायरस तेथे अधिक काळ टिकून राहू शकतात.

व्हायरस कोशिकेत शिरल्यावर ती इंटरफेरॉन नावाची प्रथिने स्रवते. त्यांच्या प्रभावाने शेजारच्या कोशिका व्हायरसाच्या गुणनास विरोध करण्यास सज्ज होतात. धुरामुळे हा प्रतिसाद बिघडू शकतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. वायुकोशांतील भक्षिकोशिका (जंतू व कण गिळून नष्ट करणाऱ्या कोशिका) काजळीच्या कणांनी भरून गेल्यास त्यांची जंतू गिळण्याची क्षमता घटते. त्याच वेळी दीर्घकाळ टिकणारा शोथ (दाहयुक्त सूज) फुप्फुसाच्या ऊतकाची हानी करतो. अशा रीतीने संरक्षण कमी व इजा अधिक, असा दुहेरी परिणाम घडतो.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक मानवी प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही स्वयंसेवकांना दर घ. मी. हवेत सुमारे ५०० मायक्रोग्रॅम कण असलेल्या धुरात २ तास ठेवून नंतर इन्फ्ल्यूएंझाची दुर्बलित जिवंत लस नाकात देण्यात आली. पुरुषांच्या नाकातील कोशिकांत शोथाशी संबंधित जनुकांची क्रियाशीलता वाढलेली, तर स्त्रियांत संरक्षणाशी संबंधित जनुकांची घटलेली आढळली.

चूल व बालके : स्वयंपाकाच्या वेळी आईजवळ असणाऱ्या बालकांच्या श्वासनलिका अरुंद व प्रतिकारशक्ती अपक्व असते. कर्क आर. स्मिथ व सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत केलेल्या पाहणीत (१९८३ मध्ये प्रसिद्ध) स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील हवेत दर घ. मी. सरासरी सुमारे ७ मिग्रॅ. तरंगते कण आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील धुरामुळे सुमारे ३२ लक्ष लोक मृत्यू पावले. त्यांपैकी २ लक्षांहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती.

धूर कमी केल्यास रोगही त्याच प्रमाणात कमी होतो, असे मात्र नाही. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात २००२–०४ मध्ये ५३४ कुटुंबांवर झालेल्या चाचणीत धुराडे असलेल्या चुलींमुळे बालकांचा धुराशी संपर्क सुमारे निम्म्याने घटला. तीव्र न्यूमोनिया सुमारे एकतृतीयांशाने कमी झाला. परंतु एकूण न्यूमोनियातील घट सांख्यिकीय दृष्ट्या निश्चित ठरली नाही. ग्वातेमाला, भारत, पेरू व र्‌वांडा या देशांत सुमारे ३,२०० कुटुंबांवर झालेल्या गॅस शेगड्यांच्या चाचणीतही (२०२४ मध्ये प्रसिद्ध) अर्भकांचा तीव्र न्यूमोनिया लक्षणीय प्रमाणात घटला नाही. कुपोषण, दाटीची वस्ती व व्यक्तीव्यक्तींमधील संसर्ग ही कारणे केवळ शेगडी बदलल्याने दूर होत नाहीत.

उपाय : वाळलेले लाकूड, धुराडे व हवेशीर स्वयंपाकघर यांमुळे धूर कमी होतो, द्रवरूप गॅस किंवा वीज वापरल्यास तो जवळजवळ टळतो. भारतात गरीब कुटुंबांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तथापि गॅसबरोबर चूलही चालू राहिल्यास लाभ घटतो. वणव्याच्या धुरात साधा कापडी मुखपट्टा सूक्ष्म कण पुरेसे अडवीत नाही. त्यासाठी घट्ट बसणारा गाळणीयुक्त मुखवटा लागतो. धूर टाळणे हे लसीकरण व सकस आहार यांना पूरक आहे, त्यांचा पर्याय नव्हे.